.३२ ची ठासणीची रायफल: तिसऱ्या बारानंतर गोळी अडकते, गट पसरतो

रानमाशी

खारीच्या शिकारीसाठी आणि एरवी कागदावर नेम धरायला .३२ कॅलिबरची ठासणीची रायफल आहे. ठिणगी देणाऱ्या टोपीवर उडणारी, अष्टकोनी नळी ३२ इंच, पीळ ४८ इंचांत एक, दुहेरी चाप. सध्या भरणं असं:

दारू: थ्री-एफ (बारीक दाण्याची) काळी दारू, मापाने ३० ग्रेन
गोळी: .३१५, मऊ शिशाची
चिंधी: गादीच्या खोळीचं जाड सुती कापड, ०.०१८ इंच
वंगण: बंदुकीला लावतात ते नेहमीचं तेल

अडचणी:

१. पहिल्या दोन गोळ्या नीट उतरतात. तिसरीला गज ठोकावा लागतो, चौथी अर्ध्या नळीत रुतून बसते.
२. टेकू देऊन २५ यार्डांवर पाच गोळ्यांचा गट चार इंचांचा. त्यातली पहिली नेहमी एकटी लांब.
३. मधूनच फुसका बार. टोपी फुटते, आतली दारू पेटत नाही.
४. लाकडी गज ठासताना धनुष्यासारखा वाकतो.

खारीचं डोकं जेमतेम दीड इंचाचं, त्यामुळे २५ यार्डांवर इंचभराचा गट हवा. .३२ हेच कॅलिबर चुकलं का? .३६ घ्यायला हवी होती का?

---

ठासणीवाला

कॅलिबर चुकलेलं नाही. भरण्यातल्या चारपैकी तीन गोष्टी चुकल्या आहेत आणि सगळ्यात मोठी चूक तेलाची आहे.

काळ्या दारूची राख पाण्यात विरघळते. तीच राख खनिज तेलात मिसळली आणि तापली की डांबरासारखी चिकट होते. दोन बारांत तेवढं डांबर नळीत साचतं की तिसरी गोळी त्यात रुतते. .५० च्या नळीत हे चार-पाच बार खपून जातं. .३२ च्या नळीत खाचा उथळ आणि भोक अरुंद, त्यामुळे तेवढाच थर इथे गळा आवळतो. खनिज तेल फक्त साफसफाई झाल्यावर, बंदूक कपाटात ठेवताना. भरताना त्याचा थेंबही नको. चिंधीला मेण आणि गोडं तेल, मेण आणि चरबी, नाहीतर सरळ थुंकी. तीनही चालतात.

आता गोळी आणि चिंधी. तुमच्या नळीचं भोक कंगोऱ्यापासून (खाचांमधल्या उंचवट्यापासून) कंगोऱ्यापर्यंत ०.३२० धरू. गोळी .३१५. म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच हजारांश इंच जागा उरली. त्यात तुम्ही अठरा हजारांश जाडीचं कापड कोंबता. कापड दाबलं जातं हे खरं, पण सातपट नाही. गोळी .३१० घ्या, बाजूला पाच हजारांश जागा मिळेल. चिंधी ०.०१५ ने सुरुवात करा, तरीही जड गेली तर ०.०१० ते ०.०१२. खाचांच्या तळापर्यंत कापड पोचलं पाहिजे, नाहीतर ज्वाळा बाजूने निसटते. पण गज दोन बोटांच्या जोरावर सरकायला हवा. नळीच्या तोंडाशी आखूड ठोकणीचा एक ठोसा लागतो, तो ठीक आहे. पुढे मात्र नाही.

कापड मापताना मायक्रोमीटर घट्ट आवळा. सैल पकडीत जे ०.०१८ दिसतं ते आवळल्यावर ०.०१४ निघतं, आणि मग लोक एकाच कापडाची दोन मापं सांगून भांडत बसतात. कापड शंभर टक्के सुती किंवा लिननचं. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर ते वितळून नळीत चिकटतं. एक धागा ओढून काडीने पेटवून बघा: सुती धाग्याची राख होते, कृत्रिम धाग्याचा मणी होतो. नवं कापड आधी धुऊन घ्या, खळ निघाली पाहिजे.

दारू: ३० ग्रेन हे .३२ साठी वरचं टोक आहे. खारीला १५ ते २० पुरे. मी १५ पासून वर जायला सांगेन. १५, २०, २५, ३०, प्रत्येकी पाच गोळ्या, बाकी काही बदलायचं नाही. गट कुठे आवळतो ते कागदच सांगेल. एका पाउंडात ७००० ग्रेन असतात, म्हणजे २० ग्रेनने ३५० बार. चाचणीला हात आखडायचं कारण नाही.

आणि ते चौथ्या नंबरचं प्रकरण, अर्ध्यात रुतलेली गोळी. ती कधीही उडवू नका. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर गोळी हा नळीतला अडथळा ठरतो, नळी तिथे फुगते, फुटूही शकते. नळी भरलेली असताना गज जिथे येतो तिथे आणि नळी रिकामी असताना येतो तिथे, अशा दोन खुणा गजावर कोरून ठेवा. प्रत्येक गोळी भरताना पहिली खूण नळीच्या तोंडाशी आली का ते बघायचं. चाचणीत दारू बदलली की भरल्याची खूणही बदलते. हा सगळ्यात स्वस्त विमा.

---

चकमक

ठासणीवाल्यांना +१. फुसक्या बाराबद्दल लिहितो.

टोपी फुटते आणि दारू पेटत नाही, याचा अर्थ ठिणगीची वाट बंद आहे. ती वाट निपलपासून (टोपी बसते त्या पोकळ खुंटीपासून) सुरू होऊन नळीच्या बुडापर्यंत जाते आणि कित्येक टोपीच्या रायफलींत मधे काटकोनी वळण घेते. तिथे दोन गोष्टी साचतात: कपाटात ठेवताना लावलेलं तेल, आणि साफ करताना गजाने खाली ढकललेली काजळी.

तेलासाठी: भरण्याआधी स्पिरिटची एक चिंधी आणि त्यामागून दोन कोरड्या. मग रिकाम्या नळीवर दोन टोप्या फोडा. दुसरी फोडताना नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरा. पातं हललं तर वाट मोकळी. नाही हललं तर निपल काढून बारीक तारेने वाट साफ करा. निपल परत बसवताना आट्यांना जरासं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी निघणार नाही.

निपल बदलायचा झाला तर आटे मोजल्याशिवाय मागवू नका. अमेरिकी बनावटीत बहुधा पाव इंच आणि इंचाला २८ आटे, युरोपी बनावटीत ६ मिलिमीटर, तेही दोन वेगवेगळ्या आट्यांचे. चुकीचा निपल दोन फेरे आत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि मग निपलच्या घराचे आटे खातो.

टोपी पहिल्या ठोक्याला न फुटता दुसऱ्याला फुटत असेल तर ती वेगळी भानगड. टोपी निपलवर पूर्ण बसत नाहीये, पहिला ठोका तिला खाली बसवण्यात जातो. निपलचं टोक घोड्याच्या मारानं पसरलं असेल तर बारीक पॉलिश कागदाने जरासं उतरवा.

फुसका बार झाला की नळीचं तोंड निशाण्याकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबायचं. उशिराने पेटणारा बार ही ऐकीव गोष्ट नाही. मग नवी टोपी. तरी नाही तर निपल काढून त्या भोकात बारीक दारूचे चार-सहा दाणे सारा, निपल लावा, गोळी खाली बसलेली आहे हे गजाने तपासा, गज बाहेर काढा, टोपी लावा, उडवा. दारू घालायचीच विसरून नुसती गोळी ठासली गेली असेल तरी हाच उपाय. गोळी काढायचा स्क्रू .३२ साठी इतका बारीक असतो की शिशात धड धरत नाही आणि वाकतो. त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यावर चालणारं गोळी उडवायचं यंत्र बरं. मात्र खाली दारू आहे की नाही याची शंका असेल तर आधी निपल काढून आत पाणी सोडा, दारू भिजवून मारा, आणि यंत्र वापरतानाही तोंड सुरक्षित दिशेलाच.

---

शिसगोळी

गज वाकण्याबद्दल कुणी बोललंच नाही. चिंतेची खरी गोष्ट तीच आहे.

.३२ च्या नळीत जाणारा लाकडी गज पाव इंचाच्या आसपास. एवढ्या बारीक हिकरीचा गज मोडतो तेव्हा सरळ तुकडा पडत नाही, तिरकी चीर जाते आणि भाल्यासारखं टोक तयार होतं. हात जोरात खाली येत असतो. पुढचं सांगायला नको. गज घेताना लाकडाच्या रेषा बघा: टोकापासून टोकापर्यंत रेषा गजाला समांतर धावल्या पाहिजेत. मधेच बाजूला निसटणारी रेषा दिसली की तो गज चुलीत.

ठासताना गज नळीच्या तोंडापासून सहा ते आठ इंचांवर धरायचा आणि तेवढाच खाली ढकलायचा. परत वर धरायचा, परत ढकलायचा. सगळा गज एका दमात वरून दाबला की तो धनुष्य होणारच. तळवा गजाच्या डोक्यावर टेकवू नका, बोटांनी बाजूने धरा. स्वतःचं डोकं नळीच्या रेषेत नको.

चाचणीच्या दिवशी लाकडी गज बंदुकीखालीच राहू दे. स्टीलचा किंवा पितळी लांब गज वापरा आणि नळीच्या तोंडावर बसणारा शंकूच्या आकाराचा पितळी मार्गदर्शक लावा. तोंडाशी गज घासून कंगोरे झिजले तर उरलेली नळी कितीही चांगली असो, गट गेला. बारीक गजांच्या टोकांना बहुधा ८-३२ चे आटे असतात, मोठ्या गजांना १०-३२ चे. जॅग (गजाला लावायचं चिंधी धरणारं खाचांचं टोक) मागवताना हे बघा.

---

दूरचानेम

काजळी साचू नये म्हणून बरेच जण दर बारानंतर नळी पुसायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. दर बारानंतर पुसत बसायची गरजच नाही. चिंधी ओलसर ठेवा, म्हणजे पुढची गोळी उतरताना तीच मागची काजळी खाली नेते. थुंकीने भिजवलेल्या चिंधीवर दहा-पंधरा बार न पुसता निघतात. निशाण्याच्या स्पर्धेत वेळही वाचतो.

---

ठासणीवाला

@दूरचानेम, कागदावर चालेल. रानात नाही. खारीच्या शिकारीत भरलेली बंदूक दोन-दोन तास तशीच राहते. थुंकी तोवर वाळते, चिंधी कोरडी होते आणि उडताना जळते. वाळली नाही तर त्याहून वाईट, ओल दारूत उतरते आणि त्या जागी नळीला गंज धरतो. रानात मेण-चरबीचं वंगण, कागदावर थुंकी, अशी वाटणी करा. पण मग दोन्हींचा गट वेगळ्या जागी पडतो, म्हणून माशी (नळीच्या पुढच्या टोकावरची नेमाची खूण) रानातल्या वंगणावरच जुळवायची.

शिवाय हवा कोरडी असली की न पुसण्याची पद्धत फसते. काजळी कडक होते. दमट सकाळी पंधरा बार निघतील, त्याच दुपारी ऊन चढल्यावर पाचव्याला अडेल.

@रानमाशी, पुसायचं ठरवलंत तर एक बारकावा. घट्ट जॅग आणि जाड चिंधी घेऊन पुसाल तर काजळीचा गोळा पिस्टनसारखा बुडाकडे ढकलाल आणि चकमक यांनी सांगितलेली वाट स्वतःच्या हाताने बुजवाल. पुसायचा जॅग जरा सैल हवा. चिंधी पाण्याने ओलसर, पिळून घेतलेली, बोटाला थेंब लागता कामा नये. खाली जाताना ती काजळीवरून सरकते, वर ओढताना जॅगच्या खाचांत गोळा होऊन जाड होते आणि काजळी बाहेर आणते. एक खेप, चिंधी उलटी करून दुसरी खेप, मग कोरडी चिंधी एकदा. बस. रोज एकच चिंधी, एकच पाणी, एकच खेपा. पुसण्यात फरक पडला की गट वरखाली लांबतो.

पहिली गोळी लांब जाते त्याचं कारणही इथेच. ती तेलकट नळीतून गेलेली असते, बाकीच्या काजळलेल्या नळीतून. निशाणेबाज ती सोडून देतात. शिकाऱ्याला मात्र तीच एक गोळी मिळते. म्हणून स्पिरिटने तेल काढा, एक बार मातीच्या बांधात उडवा, पुसा, मग भरून रानात जा. चाचणीच्या सगळ्या गोळ्याही एकदा उडवून पुसलेल्या अशाच नळीतून मारायच्या.

---

अष्टकोन

वाचनखूण साठवली. .३२ की .३६ या मूळ प्रश्नाला कुणी नीट हात लावला नाही, म्हणून लिहितो.

वजनं बघा. .३१० ची गोळी सुमारे ४५ ग्रेन, .३५० ची ६४, .३९५ ची ९३. पाउंडभर शिशात पहिल्या १५५, दुसऱ्या १०९, तिसऱ्या ७५. पॉइंट टूटू लाँग रायफल काडतुसाची नेहमीची गोळी ४० ग्रेनची असते, त्यावरून .३२ चा अंदाज यावा. खारीच्या डोक्याला .३२ पुरून उरते. .३६ ने खार जास्त मरत नाही, पण अंगावर लागली तर मांस जास्त जातं. ३० ग्रेनवर .३२ नेही हेच होतं, हे दारू कमी करण्याचं दुसरं कारण.

.३६ चा फायदा वेगळा. गज जाड घेता येतो, काजळी जरा उशिरा त्रास देते, थंडीने बधिर बोटांत गोळी सापडते. हसू नका, वाटाण्याएवढी .३१० ची गोळी पाचोळ्यात पडली की संपलं.

निशाण्याला ५० यार्डांपर्यंत .३२ मजेत चालते, वारा नसेल तर. गोल गोळी वेग लवकर घालवते आणि हलकी गोळी वाऱ्यावर जास्त वाहते. ५० यार्डांच्या पुढे स्पर्धेत उतरायचं असेल तर .४० किंवा .४५. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या स्पर्धा होतात, संस्था १९३३ ची. तिथे १०० यार्डांच्या कागदावर ४५ ग्रेनची गोळी घेऊन जाणं म्हणजे वाऱ्याला आमंत्रण.

एक उलटी वाटणारी गोष्ट: "लहान कॅलिबर म्हणजे हलकी बंदूक" हे खोटं आहे. बाहेरून तेवढ्याच जाडीची नळी असेल तर लहान भोकाची नळी जड, कारण पोलाद कमी कोरलं गेलं. ४२ इंची नळीत .४० ऐवजी .३२ चं भोक पाडलं तर नळी जवळपास अर्धा पाउंड जास्त भरते. उभं राहून नेम धरणाऱ्याला ते वजन पुढे हवंच असतं, दिवसभर रान तुडवणाऱ्याला नको असतं. म्हणून .३२ घेताना नळीची बाहेरची जाडी आधी विचारा.

हरणाला मात्र .३२ किंवा .३६ नाहीच. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हरणासाठी किमान कॅलिबरची अट आहे आणि ही दोन्ही बहुधा तिच्याखाली पडतात. खारीचा हंगाम, परवाना, रोजची मर्यादा हेही राज्यागणिक बदलतं. दरवर्षीचं नियमपुस्तक बघा. केंद्राच्या १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टमध्ये अशा बंदुका 'अँटीक' (पुराणवस्तू) या सदरात जातात, पण काही राज्यं तसं मानत नाहीत. राज्य ओलांडून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

---

रानमाशी

सगळ्यांचे आभार. बदल केले: .३१० गोळी, ०.०१५ चिंधी, मेण आणि ऑलिव्ह तेल, २० ग्रेन, दर बारानंतर पुसणं, स्टीलचा गज. गोळ्या आता सरकत उतरतात, फुसका बार नाही. गट पावणेदोन इंच. पण पाचातली एक-दोन अजून भरकटतात. उडालेल्या चिंध्या पुढे दहा-पंधरा फुटांवर सापडल्या. मधोमध काळा ठिपका, त्याभोवती वर्तुळात चिरा, काही चिंध्या त्या रेषेवर अर्ध्या फाटलेल्या. याचा अर्थ काय?

आणि सगळा गट दोन इंच खाली आणि इंचभर डावीकडे आहे.

---

शिसगोळी

चिंध्या उचलल्यात हे उत्तम. अर्धं निदान तिथेच.

चांगली चिंधी अशी दिसते: मधे धुरकट गोल, भोवती खाचांच्या खुणा चांदणीसारख्या, कडा थोड्या विसकटलेल्या. परत वापरता येईल इतकी धड. मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ, वंगण कमी किंवा दारू जास्त. एका बाजूलाच जळलं असेल तर गोळी मधोमध बसली नव्हती किंवा एखादी खाच खराब आहे.

तुमच्या चिरा वर्तुळात आहेत, म्हणजे गोळीच्या पोटावर, कंगोऱ्याच्या रेषेत. आग हे करत नाही. नळीचं तोंड भरतानाच कापड कापतंय. नव्या यंत्रावरच्या नळीत हे सर्रास आढळतं: तोंडाची कड धारदार सोडलेली असते. खात्री करायची असेल तर रिकाम्या नळीत चिंधीसकट गोळी तोंडापासून जेमतेम इंचभर आत बसवा आणि चिंधीची कड धरून ओढून काढा. त्यासाठी चिंधी मोठी कापा. न उडवताच चिरलेली निघाली तर गुन्हेगार सापडला.

उपाय: काळा वॉटरपेपर, आधी ३२० मग ६००, तेल लावून अंगठ्याखाली नळीच्या तोंडावर ठेवायचा आणि अंगठा गोल-गोल फिरवायचा. बंदूक दर मिनिटाला पाव फेरा फिरवा म्हणजे घासणं सगळीकडून सारखं होईल. अंगठ्याचं मांस कड गोलाकार घासतं, कुठल्याही हत्यारापेक्षा समान. दहा-पंधरा मिनिटं. नळीत आधी चिंधीचा बोळा घालून ठेवा, कीस आत जाऊ नये. भिंगातून बघा: खाच आणि कंगोरा मिळतात तिथे धारेची चमक दिसता कामा नये. ड्रिलला दगड लावून हे करायला जाऊ नका, एका सेकंदात तोंड तिरकं होतं.

---

चकमक

माशी जुळवणं आता नको. आधी तोंड नीट करा, गट आवळू द्या, मग घासायला बसा. घासलेली माशी परत उंच होत नाही.

हिशोब मात्र सोपा आहे. माशी आणि मागची खाच (नेम धरताना डोळ्याजवळची) यांच्यातलं अंतर मोजा. समजा २५ इंच. २५ यार्ड म्हणजे ९०० इंच. ९०० भागिले २५ म्हणजे ३६. माशी एक शतांश इंच घासली की गोळी ०.३६ इंच वर जाणार. दोन इंच वर आणायचा तर साधारण ०.०५५ इंच, म्हणजे सव्वा ते दीड मिलिमीटर घासायचं. एकदम नाही. निम्मं घासा, पाच गोळ्या मारा, परत मोजा. गोळी खाली लागते तेव्हा माशी घासायची, हे उलटं वाटतं म्हणून बरेच जण मागची खाच खोल करून बसतात आणि गोळी आणखी खाली नेतात.

डाव्या-उजव्यासाठी मागची खाच सरकवा, गोळी जिकडे न्यायची तिकडेच. तुमची उजवीकडे. इंचभरासाठी सुमारे ०.०२८ इंच. आधी नळीवर आणि खाचेच्या पायावर पेन्सिलीची एक सरळ रेघ मारा म्हणजे किती सरकली ते दिसेल. पितळी किंवा लाकडी खुंटीनेच ठोका.

दुहेरी चापाच्या मधला बारीक स्क्रू हलका करण्याच्या मोहात फार आवळू नका. एका मर्यादेपुढे चाप ताणूनच राहत नाही, किंवा बंदूक आपटली तरी सुटतो.

---

अष्टकोन

रानातलं थोडं. खार फांदीवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसली की बार करायचा नाही. गोळी चुकली की पलीकडे कुठे उतरेल ते कुणालाच माहीत नसतं. खार बुंध्याला किंवा जाड फांदीला चिकटेपर्यंत थांबा, लाकूडच तुमचा बांध.

खारीखालची साल उडवून धक्क्यानेच तिला पाडायची जुनी करामत लोक नेहमी सांगतात. जुना रानवाटाड्या डॅनियल बून याला केंटकीत हे करताना पाहिल्याचं पक्षीचित्रकार ऑड्युबॉनने लिहून ठेवलं आहे. बून १७९९ मध्येच केंटकी सोडून मिसूरीकडे गेला होता आणि ऑड्युबॉन केंटकीत आला तो त्यानंतर, तेव्हा त्यावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा. आजच्या रानात ती करामत नको. सालीवरून घसरलेली गोळी कुठेही जाते.

---

रानमाशी

तोंड घासलं. चिंध्या आता धड येतात, गट इंचाच्या आत आला. शेवटचा प्रश्न: दिवस संपला, खार दिसलीच नाही, बंदूक भरलेली. तशीच घरी न्यायची का?

---

ठासणीवाला

नाही. आधी टोपी काढा आणि घोडा खाली घ्या. कायद्यात 'रिकामी' कशाला म्हणतात ते राज्याराज्यात वेगळं: कुठे टोपी काढली की भागतं, कुठे नळीच रिकामी लागते. कायद्याने चालत असलं तरी थंडीतून भरलेली बंदूक उबेत आणली की नळीत दव धरतं आणि सकाळी फुसका बार. रानातून निघण्याआधी, जिथे बार करायला परवानगी आहे तिथे, मऊ मातीच्या बांधात उडवून टाका. दगडात नाही, पाण्यात नाही.

उडवली म्हणजे त्याच रात्री धुवायची. आळस केला तर सकाळी नळीत तांबूस रंग दिसतो. दारूच्या राखेतले क्षार हवेतली ओल ओढून घेतात. निपल काढा, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, चिंध्या पांढऱ्या येईपर्यंत. उकळतं पाणी नको, नळी तापून वाळते आणि वाळता वाळताच गंजाची झाक धरते. कोरड्या चिंध्या, मग तेल, आणि इथे मात्र खनिज तेल चालतं. नळी तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे जादा तेल ठिणगीच्या वाटेत उतरत नाही. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी फिरवून बघा. तांबूस आली तर परत धुवा.

काळ्या दारूऐवजी ट्रिपल सेव्हन वापरणार असाल तर मापाने १५ टक्के कमी भरा. त्याच्या काजळीचं कडक कडं गोळी बसते नेमक्या त्याच जागी तयार होतं, तेव्हा गजावरची खूण अर्धा इंच वर दिसली की थांबा आणि पुसा. आणि बिनधुराची दारू, कुठलीही, कितीही कमी, या नळीत कधीच नाही.